कट्ट्यावर फेकलेली गोष्ट

(पत्र मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.)

पत्र लिहिणारा मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. लालबाग-परळ भागातल्या चाळीत वाढलेला. दादरच्या क्लासमध्ये त्याची एका मुलीशी आधी मैत्री झाली आणि जून महिन्यात दोघांनी एकमेकांना ‘आवडतोस’, ‘आवडतेस’ असं सांगून टाकलं. जुलैत एका दुपारी फिजिक्सचं लेक्चर बुडवून दोघं वरळी सी फेसला गेली. दोघांत एक छत्री, एक कणीस आणि परतताना बसस्टॉपपर्यंत हातात हात. एवढंच. घरी पोचल्यावर तिने मेसेज केला, ‘आजचं कुणाला सांगू नकोस हं, प्लीज.’

दोन दिवसांनी ढोल पथकाचा सराव संपल्यावर मंडळाची मुलं कट्ट्यावर बसली होती. एकाने विचारलं, ‘नुसता फिरवतोयस की काही केलंस पण?’ दुसरा म्हणाला, ‘सोड रे, याच्याने काय होणार!’ आणि हा बोलून गेला की सगळं झालंय. कुठे, असं विचारल्यावर एका मित्राची रिकामी खोलीही त्याने जागच्या जागी रचली. पुरावा म्हणून तिचा तो मेसेज दाखवला. एकाने स्क्रीनचा फोटो काढला. त्या मुलांपैकी एक जण त्यांच्याच क्लासला आहे.

पंधरवड्यात क्लासमध्ये ती आत आली की मागच्या बाकांवरून शिट्ट्या वाजायला लागल्या. शेजारी बसणारी मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिने याला एकदाच विचारलं, ‘तू काय सांगितलंस?’ हा म्हणाला, ‘मी काहीच नाही बोललो.’ त्यानंतर तिने त्याला सगळीकडे ब्लॉक केलं आणि बॅच बदलली. मित्र म्हणतात, ‘जाऊ दे भाई, दुसरी बघ.’ घरी आईवडील आहेत, नोकरी करणारी मोठी ताई आहे. कुणालाच काही माहीत नाही.

त्याचे प्रश्न असे: ती माफ करेल असं काय करू? इन्स्टाग्रामवर तिला टॅग करून जाहीर माफी मागू का? तिच्या घरी जाऊन सगळं खरं सांगू का? हे मित्र सोडून देऊ का? शेवटी त्याने लिहिलंय, ‘आमचं प्रेम एकदम निरागस होतं, मीच त्याची घाण केली. ती तशी मुलगी नाहीये. अभ्यासात लक्ष लागत नाही. कधी कधी वाटतं, आपण नसतोच तर बरं झालं असतं.’

—

मित्रा,

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ‘आपण नसतोच तर बरं’ हा विचार रात्री येऊन सकाळी निघून जातो की दिवसभर पाठ सोडत नाही, हे पत्रावरून कळत नाही. म्हणून दोन्ही शक्यता धरून सांगते. हे वाक्य आजच्या आज ताईला जसंच्या तसं सांग. बाकीचं सांगायला धीर होत नसेल तर सध्या नको सांगूस, पण हे सांग. तेही जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. १०९८ हा १८ वर्षांखालच्या मुलांसाठीचा. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. असा फोन करायला काही भयंकर घडलेलं असावं लागत नाही. चाळीत फोनवर बोलायला आडोसा नसतो हे मला ठाऊक आहे, तेव्हा गच्चीवर जा किंवा रस्त्याने चालता चालता बोल. आणि विचार नुसता विचार न राहता ‘कसं करायचं’ इथपर्यंत जायला लागला, तर एकटा राहू नकोस. घरच्यांना उठव आणि सरळ केईएम रुग्णालय गाठ. ते तुमच्याच भागात आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, आणि अपरात्री आलेल्या माणसाला कुणी ‘कशाला आलास’ म्हणत नाही.

आता तुझे चार प्रश्न.

पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. इन्स्टाग्रामवर शेकडो लोकांसमोर माफी मागायची तुझी तयारी आहे. तिच्या आईवडिलांसमोर उभं राहायची आहे. लहानपणापासूनचे मित्र कायमचे तोडायचीही आहे. पण कट्ट्यावरच्या त्या सात-आठ पोरांना ‘मी फेकली होती’ एवढं सांगावं, हा विचार मात्र तुझ्या चार पानी पत्रात कुठेही नाही. ज्या जागी ती गोष्ट तू सोडलीस, नेमकी तीच जागा तू टाळतोयस.

का, ते मला वाटतं तुलाही माहीत आहे. बाकी सगळ्या ठिकाणी तू पश्चात्ताप झालेला प्रियकर दिसशील. त्यात दुःख असलं तरी थोडा रुबाबही आहे. कट्ट्यावर मात्र तुझा पोपट होईल. ‘म्हणजे काहीच नाही केलंस? नुसतं कणीस खाल्लंस?’ असं म्हणून पोरं महिनाभर हसतील, तुला एखादं नवं नाव पडेल, आणि ‘याच्याने काय होणार’ म्हणणारा जिंकल्यासारखा होईल. तेच हसू चुकवायला तू त्या रात्री खोटं बोललास. त्या हसण्याची किंमत गेले काही आठवडे ती मुलगी भरतेय.

मित्रांच्या दबावाबद्दल तू बरंच लिहिलं आहेस आणि तो खोटा नाही. २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. संगणकावर गाडी चालवायचा खेळ. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, एवढंच ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काही बरोबरीच्यांच्या समोर. मोठ्या माणसांच्या खेळात कुणी बघतंय म्हणून फारसा फरक पडला नाही. किशोरवयीन मुलांनी मात्र मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोके पत्करले. एकटी असताना ती पुरेशी शहाणी होती. तेव्हा त्या रात्री कट्ट्यावर तुझी जीभ घसरली, यात तुझ्या वयाचा हात नक्की आहे.

पण हे मी तुझं वकीलपत्र घेऊन सांगत नाहीये. दबाव त्या रात्रीचं पहिलं वाक्य समजावून सांगतो. रिकामी खोली रचली ते दुसरं वाक्य, आणि मोबाइल खिशातून काढून तो मेसेज दाखवला ते तिसरं. आणि तिने विचारल्यावर ‘मी काहीच नाही बोललो’ म्हणालास, तेव्हा तर कुणीच बघत नव्हतं. तुम्ही दोघंच होतात. मला विचारशील तर सगळ्यात जड तेच आहे. पत्रात तू ते एका ओळीत उरकलं आहेस.

आणखी एक सांगते, यावर शांतपणे विचार कर. त्या कट्ट्यावर बसलेल्या मुलांपैकी किती जणांनी स्वतःबद्दल खरं सांगितलं असेल? गेली अनेक वर्षं मी तुझ्या वयाच्या मुलांशी एकेकट्याने बोलत आले आहे. घोळक्यात ज्याची सगळ्यात जास्त हवा असते, तो एकटा भेटला की बहुतेक वेळा हळूच विचारतो, ‘सगळ्यांचं झालंय, माझंच राहिलंय, असं का?’ प्रत्येकाला वाटतं बाकीचे खरे आणि आपणच तेवढे कच्चे. म्हणून प्रत्येक जण थोडी फेकतो, आणि त्या फेकण्याने पुढच्याला आणखी फेकावं लागतं. एक हात लाकूड, दहा हात ढलपी. ‘याच्याने काय होणार’ म्हणणाऱ्याला त्या रात्री तू ‘तुझं काय झालंय रे?’ असं उलट विचारलं असतंस, तर बहुधा त्यानेही एखादी रिकामी खोली रचली असती.

आता तिचा मेसेज. ‘आजचं कुणाला सांगू नकोस हं, प्लीज.’ कट्ट्यावर या ओळीचा जो अर्थ काढला गेला तो बाजूला ठेव आणि ती ओळ कुठे बसून लिहिली असेल ते डोळ्यांसमोर आण. तिचं घर कसं आहे मला माहीत नाही, पण तुमच्या भागातली घरं माहीत आहेत. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात चार-पाच माणसं, टीव्ही चालू, आई ओट्याशी, भाऊ मोबाइलसाठी हात पुढे करून बसलेला. अशा घरात मुलगी भिजलेली ओढणी दोरीवर टाकते, कोपऱ्यात बसून दोन ओळी टाइप करते आणि फोन उलटा ठेवते. लपवायचं काय होतं? एक बुडवलेलं लेक्चर आणि एक छत्री.

मुंबईत प्रेमाला जागा नसते. वरळी सी फेस, बँडस्टँड, मरीन ड्राइव्ह, सगळीकडे जोडपी समुद्राकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसतात, कारण तेवढाच आडोसा मिळतो. म्हणून या शहरातल्या मुलीसाठी फोनवरचं बोलणं म्हणजे दार लावता येईल अशी एकुलती एक खोली. तिने तुला आत घेतलं आणि तू ते दार सात-आठ जणांसमोर उघडलंस. यापुढे ती कुणाला काही लिहिताना दहादा पुसेल. ती दुपारही तिच्या हातून गेली. पाऊस, कणीस, बसस्टॉप आठवलं की पाठोपाठ शिट्ट्या आठवणार. तुला वाटतं निरागसपणा तुझा हरवला. तुझा फार तर एक गैरसमज हरवला आहे, की आपण चांगले आहोत म्हणजे आपल्या हातून असं काही होणार नाही. तो सतराव्या वर्षी जाणं वाईट नाही. तिचं मात्र खरंच काही गेलंय, आणि तिने काहीही केलेलं नसताना गेलंय.

‘ती तशी मुलगी नाहीये’ हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलंस. तू चांगल्या मनाने लिहिलंस, हे समजतं. पण कट्ट्यावर हेच बोलणार असशील तर थांब. ‘तशी नाही’ म्हटलं की ‘तशी’ मुलगी कुठेतरी असते आणि तिच्यावर शिट्ट्या मारल्या तरी चालतात, हे तू मान्य करतोस. समज, त्या दिवशी तुम्ही खरंच जवळ आला असतात. मग कट्ट्यावर सांगणं बरोबर ठरलं असतं का? मेसेजचा फोटो काढणं चाललं असतं? प्रेमात दोघांत जे घडतं किंवा घडत नाही, ते तिसऱ्याला सांगायचा हक्क एकट्याचा नसतो. म्हणून खोटं मागे घेताना तिच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र वाटत फिरू नकोस. ‘मी खोटं बोललो’ एवढंच पुरे. वाक्यात तिचं नावही यायला नको.

इन्स्टाग्रामचा विचार आज सोडून दे. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही त्या स्टोरीतून कळेल. पोरं स्क्रीनशॉट काढतील, मीठमिरची लावतील, आणि ती पुन्हा चव्हाट्यावर येईल, या वेळी टॅगसकट. जी गोष्ट आठ जणांत पसरली ती आठ जणांत मिटवायची असते.

तिच्या घरी जाण्याचं त्याहून जोखमीचं. तिने घरी काय सांगितलंय, काही सांगितलंय का, तुला माहीत नाही. वरळीला गेल्याचंच माहीत नसेल तर तू तोंड उघडताक्षणी तिचा क्लास बंद होऊ शकतो, कदाचित बारावीनंतरचं शिक्षणही. तुझं मन मोकळं होईल आणि तिच्या पाठीत धपाटे बसतील. तिच्या बिल्डिंगखाली उभं राहणं, नव्या बॅचच्या वेळी क्लासबाहेर थांबणं, दुसऱ्या नंबरवरून मेसेज करणं, हेही नको. ब्लॉक केलं म्हणजे तिने उत्तर दिलंय. त्यानंतरही पाठपुरावा केला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ७८ आहे, पाठलागाचं. शिट्ट्यांना आणि अश्लील शेरेबाजीला कलम ७९ आहे, हे तुझ्या मित्रांनाही माहीत असलेलं बरं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि शारीरिक संबंधांत तिच्या संमतीला कायदा संमती मानत नाही. त्याआधी हे वय १६ होतं. या कायद्यात असंही आहे की अशा प्रकाराची माहिती मिळालेल्या कुणाही मोठ्या माणसाने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हाच गुन्हा. आता तुझी फेकलेली गोष्ट क्लासच्या एखाद्या मॅडमच्या कानावर गेली आणि त्यांनी ती खरी मानली, तर काय होईल बघ. त्यांना कळवावं लागेल. पोलीस त्या मुलीचा जबाब घ्यायला जातील. तिच्या वैद्यकीय तपासणीची गोष्ट निघेल. तू ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेला अल्पवयीन, म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा असशील, आणि हे सगळं न घडलेल्या गोष्टीसाठी. घाबरवायला नाही सांगत. ज्याची तू फुशारकी मारलीस, ती कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची कबुली होती, एवढंच लक्षात घे. खोटं लवकर मागे घ्यायचं हेही एक कारण आहे.

मग करायचं काय, आणि कुठल्या क्रमाने?

आधी ताई. तुझी बहीण नोकरी करते, लोकलने जाते-येते. मुलींना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते तिला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. ती चिडेल. चिडू दे. एक मोठं माणूस पाठीशी असलं की पुढची पायरी सोपी जाते, आणि उद्या प्रकरण वाढलंच तर घरी पहिल्यांदा कळवणारा तूच असशील.

मग तो फोटो काढणारा. त्याला घोळक्यात गाठू नकोस, एकटा असताना गाठ. फोटो गॅलरीतून काढला की तो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये जाऊन बसतो, तिथूनही काढायला लाव. कुठल्या ग्रुपवर टाकलाय ते विचार. व्हॉट्सॲपवर स्वतः टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, ती तर कधीच उलटली. पण ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याने टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी काढू शकतो. ॲडमिन तुमच्यातलाच कुणी असणार. फोनमध्ये उतरवून घेतलेली प्रत कुणाकडे उरेल का? उरू शकते. म्हणूनच नुसता फोटो पुसून भागणार नाही, त्या फोटोचा खरा अर्थ सांगावा लागेल.

तिसरा, तो क्लासमधला मुलगा. गोष्ट क्लासपर्यंत नेणारा तोच पूल होता, आता उलटी वाहतूकही त्याच्यावरूनच व्हायला हवी. त्याला सांगताना फार प्रस्तावना नको. तुझ्याच भाषेत, असं काहीतरी: ‘ते मी सांगितलं ना, ती फेकली होती. काहीच झालं नव्हतं. मेसेज लेक्चर बुडवल्याचा होता. तू क्लासमध्ये ज्यांना सांगितलंस त्यांना हे पण सांग. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन.’ शेवटचं वाक्य बोलायचं तर ते खरं करायची तयारी ठेव.

आणि मग कट्टा. हसतील, ते मी आधीच सांगितलं. भाषण देऊ नकोस, ‘बाईची इज्जत’ वगैरे तर मुळीच नको. सराव संपल्यावर, सगळे ढोलाच्या दोऱ्या सैल करत बसलेले असताना दोन वाक्यांत सांग आणि हसणं संपेपर्यंत तिथेच बस. उठून गेलास तर पोरं म्हणतील भांडण झालंय म्हणून असं बोलला. बसून राहिलास तर थोड्या वेळाने विषय बदलेल. मग पुढे कधी कुणी तिचा विषय काढला की दरवेळी तेच वाक्य, आवाज न चढवता. तीन-चारदा झालं की त्या गोष्टीतली मजा जाते.

मित्र सोडायचे का? चाळीत मित्र सोडता येतात हे कुणी सांगितलं तुला? एकच जिना, एकच गॅलरी, एकच मंडळ. तू सोडशील म्हणशील आणि सकाळी दूध आणायला जाताना चौघं भेटतील. शिवाय सगळे सारखे नसतात. त्या रात्री कट्ट्यावर एखादा तरी गप्प बसला असेल, हसला नसेल, नुसता मोबाइलमध्ये बघत राहिला असेल. तो आठव. त्याच्याशी आधी बोललास तर कट्ट्यावर एकटा पडणार नाहीस. ‘दुसरी बघ’ म्हणणाऱ्याशी मात्र थोडं अंतर राहिलं तर राहू दे. असल्या अंतराने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं झाल्यावर तिची माफी. आधी नाही. आधी मागितलीस तर ते फक्त तुझ्या मनाचं ओझं उतरवणं होईल, तिच्या हातात काहीच पडणार नाही. कागदावर लिही. मोबाइलवर नको, त्याचं काय होतं ते आपण पाहिलं. पाठवण्याआधी, तुमच्या दोघांच्या ओळखीची एखादी मुलगी असेल तर तिच्याकरवी फक्त एवढं विचार, ‘एक चिठ्ठी आहे, हवी का?’ नको म्हणाली तर नको. चिठ्ठी फाडून टाक आणि विषय तिथे थांबव. हो म्हणाली तर त्यात काय असावं: मी कुणाला काय खोटं सांगितलं. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. त्यानंतर अमुक-अमुक जणांना खरं काय ते सांगितलंय, फोटो काढायला लावलाय. उत्तर देऊ नकोस, देण्याची गरज नाही. संपलं. त्यात ‘मित्रांनी चढवलं’ नको, ‘तुझ्याशिवाय’ नको, ‘निरागस प्रेम’ नको. परत ये, हे तर नकोच.

ती माफ करेल का? बहुधा नाही, निदान आता तरी नाही. तुझा पहिला प्रश्नच तो होता म्हणून स्पष्ट सांगते. माफी मिळाली नाही तर हे सगळं फुकट गेलं असं तुला वाटत असेल, तर शिट्ट्या थांबल्या की नाही तेवढं बघ. ती वर्गात शिरल्यावर कुणी मान वर करून बघत नाही, असा दिवस आला तर तुझं काम झालं. तिला ते तुझ्यामुळे झालं हे कळलं नाही तरी चालेल.

हे पत्र वाचणाऱ्या आणि त्या मुलीच्या जागी असलेल्या पोरींनो, दोन शब्द तुमच्यासाठी. अशा वेळी खुलासे देत फिरू नका, ते काम तुमचं नाही. स्क्रीनशॉट, शेरे, ग्रुपवरचे मेसेज, जे दिसेल ते तारखेसकट जपून ठेवा. बॅच बदलण्याआधी क्लासच्या किंवा कॉलेजच्या एखाद्या विश्वासाच्या बाईंशी बोला, घरून कुणाला तरी बरोबर घेऊन. बाक शिट्ट्या मारणाऱ्यांनी बदलावा, तुम्ही नाही. फोटो किंवा मेसेज फिरवून कुणी छळत असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते आणि १९३० या नंबरवर फोन करता येतो. आणि जी मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर गेली, तिलाही माझा राग नाही, ती स्वतः घाबरली होती. पण परत येऊन बसली तर त्या वर्गात शंभर खुलाशांपेक्षा जास्त काम होईल.

आईवडिलांना एवढंच: मुलगी अचानक बॅच बदलायची म्हणाली तर ‘फी भरली आहे’ हे पहिलं वाक्य तोंडातून निघू देऊ नका. आणि मुलगा घुमा झाला तर फक्त अभ्यासाबद्दल विचारून थांबू नका. आपल्याकडे मुलींना ‘कुणी काही बोललं तर सांग’ असं निदान सांगितलं तरी जातं. ‘कुणाबद्दल काही बोलू नकोस’ हे मुलाला बसवून सांगितलेलं घर मला अजून फारसं भेटलेलं नाही.

तू अभ्यासाचं म्हणालास. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, वेळ आहे. ही गोष्ट पोटात ठेवून फिजिक्स डोक्यात शिरणार नाही, तेव्हा टाइमटेबल नंतर कर.

एक घाई मात्र कर. गणपती तोंडावर आलेत. एकदा मंडप पडला की दहा दिवस रात्र-रात्र जागरणं, बाहेरगावी गेलेली मुलं परत आलेली, नवी पोरं, जुने किस्से. तुझी गोष्ट त्या दिवसांत आणखी पन्नास जणांना सांगितली जाईल, आणि दर्शनाच्या रांगेत ती तिच्या आईबरोबर उभी असताना कुणीतरी बोट दाखवेल. ताईशी या रविवारी बोल. फोटोवाल्याला सोमवारी गाठ. कट्ट्यावर जे सांगायचं ते मूर्ती मंडपात यायच्या आधी सांगून मोकळा हो.

तुझी,
ताई